चाळीस ठिपके, एक एफ

हनीफचाचा,

आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि तुम्ही मधूनच उठून गेलात, हे मला मुळीच पटलेलं नाही. बुधवारी दुपारी फोनवर तुम्ही म्हणालात, "रविवारी ये, समोरासमोर बोलू." शनिवारी सकाळी चाचीचा फोन आला. फजरची नमाज पढून तुम्ही खाटेवर टेकलात, पाणी मागितलं, आणि चाची पेला घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी यवतमाळहून मिळाली ती पहिली एसटी धरली. उमरखेडला गाडी बदलून ढाणकीत उतरले तेव्हा जनाजा निघून गेला होता. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून मी अलीकडंच एका कृषी केंद्राच्या पायरीवर लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसले. मातीला येताना लॅपटॉप कोण आणतं? पण घरून निघताना मी भांडायलाच निघाले होते बहुतेक.

त्या पायरीशी दोन माणसं उभी होती. एक म्हणाला, "असा वाइंडिंगवाला आता होत नाही." दुसरा म्हणाला, "खरं हाय. पण आखरीले नजर गेलती बिचाऱ्याची. त्या तांड्याची मोटर जाळली ना त्यानं." पहिल्यानं मान हलवली. मी ते ऐकलं. तुम्हाला मातीत ठेवत होते त्या वेळी तुमच्यावर खोटा आळ घेतला जात होता, तो खोटा आहे हे ठाऊक असणारी एकच व्यक्ती तिथं होती, आणि ती बॅगेचा पट्टा धरून बसली होती.

आज चोवीस दिवस झाले. लोक म्हणतात, मिस्त्री गेले, त्यांच्यासोबत त्यांची विद्याही गेली. मी हे चालू देणार नाही. तुमची विद्या कुठं आहे ते मला पक्कं माहीत आहे, आणि ती गेलेली नाही.

तुमची माझी गाठ कामातून पडली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पंपाचे स्टार्टर बनवणारा एक लहान कारखाना आहे, तिथं मी कॉम्प्युटरचं काम करते. आमच्या साहेबांच्या मनात आलं, की स्टार्टरबरोबर मेकॅनिक लोकांना एक प्रोग्राम द्यावा. जळालेली मोटर आली की तिचे स्लॉट, म्हणजे तार भरायच्या खाचा, किती, कोरची लांबी किती, एचपी किती, हे भरायचं. कोणत्या नंबरची तार आणि तिचे किती टर्न, म्हणजे वेढे, हे प्रोग्रामनं सांगायचं. मी पुस्तकातली सूत्रं आणि तक्ते घेऊन पायथनमध्ये तो लिहिला. साहेब म्हणाले, एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवून आण. मला एकच मिस्त्री माहीत होते. महागाव तालुक्यातल्या आमच्या तांड्याची पाण्याची मोटर मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून तुमच्याकडंच यायची.

मी दुकानात आले तेव्हा तुम्ही कॉइल बांधत होतात. वर न पाहताच विचारलंत, "मोटर कोठी हाय?"

"मोटर नाही चाचा. प्रोग्राम आणलाय."

"तो कायनं जळाला?"

मी हसले, तुम्ही हसला नाहीत. लॅपटॉप उघडून मी दहा मिनिटं बोलले. तुम्ही ऐकून घेतलं आणि मग माझ्या हातात तारेचं एक टोक दिलंत. "हे सगळं ठीक हाय बेटा. पण तू कधी मोटर भरली हायस का?" नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मंग आधी भर. मंग लिही."

तसे माझे रविवार तुमचे झाले. शनिवारी संध्याकाळी तांड्यावर यायचं, सकाळी ढाणकी. जळालेली तार छिन्नीनं काढणं, स्लॉट घासणं, कागद घालणं, कॉइल उतरवणं, बांबूच्या पट्ट्या ठोकणं. शेजारचा टायरवाला एकदा म्हणाला, "मिस्त्री, बाईमाणूस अन् वाइंडिंग?" तुम्ही त्याला विचारलंत, "तुह्या घरी स्वेटर कोण विणते?" पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

आणि तुमच्या त्या वह्या. शाळेच्या दोनशे पानी, सात. सातवीपर्यंतच्या मराठीत, गोल अक्षरात, प्रत्येक मोटरची एक ओळ: गाव, एचपी, स्लॉट, टर्न, तारेचा नंबर, आणि कधी कधी शेवटी एखादा शब्द. "गरम होते." "बरी चालली." "पुन्हा आली." मी त्यांचे फोटो काढत होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "काहून? कोण वाचणार हाय?"

मग ती मोटर आली. हे तुम्हाला माहीत आहे, चाचा, पण मला ते पुन्हा सांगू द्या. परवापर्यंत मी ते खरं तसं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होतात. डोळ्याला पट्टी होती, आणि चाचीनं फोन तुमच्यापासून लपवून ठेवला होता. मी रजा घेऊन दुकान सांभाळत होते. आमच्या तांड्याचे प्रमुख, नायककाका, टेम्पोत पाच एचपीची मोनोब्लॉक घेऊन आले. तांड्याच्या पिण्याच्या पाण्याची मोटर. विहीर तीच, टाकी तीच, दुसरा आधार नाही. जुन्या वाइंडिंगला वीस नंबरची एक तार होती. दुकानातली वीस नंबरची तार संपली होती. एका जाड तारेऐवजी दोन बारीक तारा जोडीनं घेतात, हे तुम्ही मला दाखवलं होतं. किती बारीक, ते मी प्रोग्रामला विचारलं. प्रोग्राम म्हणाला, सव्वीस नंबरच्या दोन.

भरताना स्लॉट सैल राहत होते. मला ते कळत होतं, चाचा. बोटांना कळत होतं. पण स्क्रीनवर सव्वीस लिहिलेलं होतं, आणि ते मीच लिहिलेलं होतं. मी जास्तीचा कागद कोंबला, जाड पट्ट्या ठोकल्या. तपासणीचा सिरीज बल्ब लावून पाहिला, तो बरोबर पेटला. मोटर चालली. माझ्या याडीनं, आईनं, तांड्यातल्या झाडून सगळ्या बायकांना सांगितलं की पाणी आलं ते माझ्या छोरीनं आणलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जळाली. वैशाख होता. पुढचे पाच दिवस तांड्याच्या बायका दूरच्या एका शेतातल्या विहिरीवर जात होत्या. याडीच्या गुडघ्याला सूज होती, तरी ती डोक्यावर दोन हंडे घेऊन त्या रांगेत होती. ती मला काही बोलली नाही. तिनं ओरडायला हवं होतं.

तुम्ही ठरल्याच्या आधी नांदेडहून परत आलात, काळा चष्मा लावून. मोटर उघडली. जळक्या कॉइलमधून एक तार ओढली, नखावरून फिरवली आणि म्हणालात, "ही सव्वीस हाय."

"हो."

"वीसच्या जागी दोन सव्वीस कोण म्हणते?"

मी लॅपटॉप पुढं केला. तुम्ही चष्मा काढून ओलसर डोळ्यानं तो आकडा पाहिलात. मग एक कागद घेतलात, एक मोठा गोल काढलात आणि त्यात निम्म्या रुंदीचे दोन लहान गोल बसवलेत. दोन्ही बाजूंना केवढी तरी जागा उरली. "इतकं तांबं कोठी गेलं?" तुम्ही विचारलंत. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तारेची जाडी निम्मी केली होती. निम्मं करायचं होतं ते तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ. तांबं अर्ध्यावर आलं होतं, आणि तेवढ्या तांब्यातून सगळा करंट जात होता. शाळेतल्या मुलाला येतं ते गणित.

त्याच दिवशी नायककाका आले. मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही आधी बोललात. "माही गलती हाय. डोळ्याले पट्टी होती. पोरीनं फोनवर नंबर विचारला, म्या गलत सांगितला." नायककाका तुमच्या काळ्या चष्म्याकडं पाहत राहिले आणि हो हो म्हणून गेले. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मोटर स्वतः भरलीत, एका डोळ्यानं.

मी विचारलं, "चाचा, काहून सांगितलं तसं?"

"माहं दुकान चाळीस सालाचं हाय. माही एक जळली तर जळली. तुही पहिली हाय. पहिली जळली तर लोक दुसरी देत नाही."

मी ते घेतलं. रडत रडत का होईना, घेतलं. पुढं त्या भागातल्या मोटरी हळूहळू दुसरीकडं जाऊ लागल्या, हे मला दिसत होतं. दुकानासमोर पूर्वी पाच-सहा मोटरी पडलेल्या असायच्या, मग दोन असायच्या. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मीही बोलले नाही.

पण तुम्ही मला सोडलंही नव्हतं. मोटर तांड्यावर गेली, त्यानंतरच्या रविवारी तुम्ही सिरीज बल्ब हातात घेऊन बसलात. "पाह्य. मी कॉइल बांधली की एकेक तपासतो. सगळ्या जोडून झाल्यावर नाही. जोडल्यावर गलती कोठी हाय ते भेटत नाही. तुह्या प्रोग्रामले कॉइल हाय का नाही?"

कॉलेजात युनिट टेस्ट हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. दोन मार्कांचा प्रश्न. खऱ्या कामात एकही कधी लिहिली नव्हती. प्रोग्राम चालवून पाहिला, उत्तर आलं, झालं. त्या दिवशी तुमच्या दुकानात, वार्निशच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून, मी माझा प्रोग्राम पहिल्यांदा सोडवला. सगळा एका लांब दोरीसारखा लिहिलेला होता. त्याचे तुकडे केले. एक तुकडा फक्त नंबरवरून तारेची जाडी सांगणारा. एक फक्त एका तारेच्या दोन करणारा. एक फक्त टर्न काढणारा. मग शेजारी दुसरी फाइल उघडली, तिच्या नावाआधी टेस्ट लिहिलं, आणि तुम्हाला समजावून सांगितलं की या फाइलचं काम एवढंच: पहिल्या फाइलमधल्या एकेका तुकड्याला एक प्रश्न विचारायचा, आणि आलेलं उत्तर आपल्याला माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहायचं. जुळलं तर स्क्रीनवर एक ठिपका येतो. नाही जुळलं तर इंग्रजी एफ.

तुम्ही विचार करून म्हणालात, "म्हणजे जवाब माहीत हाय तोच सवाल विचारायचा?"

"हाव."

"मंग हे पोरगी पाहाले आलेल्या लोकायसारखं झालं. नाव काय, शिक्षण किती. सगळं आधीच माहीत असते."

पहिली टेस्ट लिहिली ती त्या जळालेल्या मोटरीची. वीस नंबरच्या जागी दोन तारा, कोणत्या? उत्तर तुम्ही सांगायचं होतं. तुम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालात, "साडेबावीस." टेस्ट चालवली. एफ. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल, चूक पकडली गेली. तुम्ही नुसतं म्हणालात, "आता दुरुस्त कर."

मी गणित दुरुस्त केलं. पुन्हा एफ. आता प्रोग्राम म्हणत होता, तेवीस. मी म्हटलं, "चाचा, साडेबावीस असा नंबरच नाही. पुस्तकातल्या तक्त्यात बावीसनंतर तेवीस आहे." तुम्ही उठलात, फळीवरून तारेचं एक रीळ काढून माझ्यासमोर आपटलंत. त्याच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं, साडेबावीस. त्या दिवशी मी तक्त्यात सगळे अर्धे नंबर टाकले. मग कुठं ठिपका आला. एकच, बारीक, काळ्या स्क्रीनवर.

मी टाळी वाजवणार होते, तर तुम्ही म्हणालात, "आता गलत कर."

"काहून?"

"बल्ब फ्यूज असन तर? बिघडलेली कॉइल लावून पाह्यल्याबिगर बल्बचा भरोसा कसा करू?"

मी मुद्दाम जुनी चूक परत घातली. एफ आला. काढली. ठिपका आला. आता माझ्या कारखान्यात कोणी नवीन टेस्ट लिहिली तर मी त्याला आधी ती नापास करून दाखवायला लावते. कुठं शिकलीस, असं एकदा साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ढाणकीला.

आणि तो दशांशाचा घोळ आठवतो? दोन उत्तरं दिसायला सारखीच, तरी एफ. मी तास घालवला. कॉम्प्युटर दशांशाच्या पार शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबरी मागत होता. तुम्ही म्हणालात, "बराबर काहून म्हणतेस? जवळपास म्हण. तार बी कंपनीतून जवळपासच येते." पायथनमध्ये जवळपास म्हणायची सोय आहे, ती मला माहीत नव्हती. शोधली, सापडली.

त्यानंतर तुम्ही सुटलात. दर रविवारी वही घेऊन तयार. ज्या मोटरींपुढं "बरी चालली" लिहिलं होतं, त्यांतून निवडून तुम्ही सांगायचात आणि मी टेस्ट लिहायचे. छत्तीस स्लॉट, चोवीस स्लॉट, सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीची मोटर. स्लॉट शून्य टाकला तर प्रोग्रामनं काय करायचं, एचपीच्या जागी कोणी गावाचं नाव लिहिलं तर काय, हेही तुम्हीच विचारलंत, कारण गिऱ्हाइकं काय काय सांगतात ते तुम्हाला माहीत होतं. एकेचाळीस टेस्ट झाल्या. तुमच्या चाळीस वर्षांतलं सगळं त्यात मावलं, असं मी म्हणणार नाही. सात वह्यांपैकी अजून साडेपाच बाकी आहेत. पण फाइल उघडून एक ओळ टाइप केली की दोन सेकंदांत तुमचे हात एकेचाळीस वेळा प्रोग्रामवरून फिरतात. विद्या गेली म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर येऊन म्हणावं.

चाळीस ठिपके, एक एफ. आणि त्या एकावरून आपण तीन महिने भांडलो.

पैनगंगेकडच्या एका गावातली पाच एचपीची मोटर. प्रोग्राम म्हणत होता, अडतीस टर्न. तुमच्या वहीत बत्तीस. पुढं "बरी चालली" आणि त्याखाली दोन रेघा. मी सूत्र तपासलं, पुस्तक बदलून पाहिलं. अडतीसच. मी म्हटलं, "चाचा, तुमची लिहिण्यात चूक झाली असेल." तुम्ही म्हणालात, "त्या गावी लाइन लंबी हाय. आखरीच्या खांबापर्यंत व्होल्टेज राहात नाही. तठी टर्न कमी टाका लागते." मी म्हटलं, सूत्रात तसं नाही. तुम्ही म्हणालात, सूत्र त्या गावाले गेलं होतं का.

त्या बुधवारी साहेबांनी मला सांगितलं होतं की पुढच्या सोमवारी मेकॅनिक लोकांना बोलावून प्रोग्राम दाखवायचा आहे, सगळं पास झालेलं दिसलं पाहिजे. मी तुम्हाला फोन करून म्हटलं, "मी ती टेस्ट काढून टाकते आहे." तुम्ही एवढंच विचारलंत, "ती मोटर गलत चालली का तुहा प्रोग्राम?" मी चिडले. म्हटलं, "तुमच्या एका वहीसाठी मी नोकरी घालवू का?" हे माझं तुमच्याशी शेवटचं मोठं वाक्य, चाचा. त्यावर तुम्ही रविवारी ये म्हणालात. मी बरं म्हटलं, तेही नीट म्हटलं नाही.

तर आता पुढचं ऐका, हे तुम्हाला माहीत नाही.

ढाणकीहून परतल्यावर, त्याच सोमवारी, सकाळी मी कारखान्यात गेले. साहेबांनी टेस्ट चालवायला सांगितल्या. चाळीस ठिपके, एक एफ. साहेब म्हणाले, "ती ओळ काढ. लोक यायला तासभर आहे."

मी म्हटलं, "काढणार नाही."

"संगीता, एका ओळीनं काय होतं?"

"एका ओळीनं माझ्या तांड्याचं पाणी पाच दिवस बंद होतं, साहेब."

त्यांना काही समजलं नाही. समजावून सांगायला मला वेळही नव्हता. मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. म्हटलं, "काढायची असेल तर तुम्ही काढा. कोणी काढली, कधी काढली, ते नाव इथं कायमचं नोंदलं जातं. तुमचं राहील." साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी लॅपटॉप परत माझ्याकडं फिरवला आणि म्हणाले, "असू दे. विचारलं कोणी तर तूच उत्तर दे." कोणी विचारलं नाही, असं झालं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं विचारलं. हा एफ कायचा? मी बत्तीसची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बराबर हाय त्याचं. लाइनच्या आखरीले मी बी कमीच टाकतो." तो तुम्हाला ओळखत नव्हता.

मग मी त्या गावाला गेले. चाचीनं तुमचा मीटर दिला, तो घेऊन. मोटर त्याच शेतात आहे, तुम्ही भरलेलीच, अजून चालते. शेतमालकानं खांबाजवळचा डबा उघडून दिला. भर दुपारी, आजूबाजूचे सगळे पंप चालू असताना मी काटा पाहिला. चारशे पंधरा असायला हवं तिथं तीनशे बासष्ट. मी तिथंच बांधावर बसून प्रोग्राममध्ये व्होल्टेजची जागा केली. आधी जुन्या चाळीस टेस्ट चालवल्या, माझ्या या बदलानं त्यांतली एखादी बिघडली नाही ना म्हणून. चाळीसही ठिपके आले. मग तुमची. आकडा आला तेहेतीस.

म्हणजे मी चुकले होते, चाचा. पाच टर्ननं चुकले होते, आणि ते कबूल करायला मला काही वाटत नाही. पण तुमचे बत्तीस आणि माझे तेहेतीस. अजून एफच येतो. तुमच्या वेळी व्होल्टेज आणखी कमी असेल, किंवा तुम्ही पुढचा उन्हाळा धरून एक टर्न मुद्दाम कमी टाकला असेल. जवळपास म्हणून चालवून घेता आलं असतं. जवळपासचं अंतर एक टर्न वाढवलं की ठिपका येतो. मी वाढवलेलं नाही. एका टर्नचं भांडण आपल्यात राहू दे. मी अजून हरलेले नाही.

परवा मी तांड्यावर गेले. संध्याकाळी टाकीजवळ बायका पाण्याला आल्या होत्या आणि नायककाका बाजेवर बसले होते. याडीही होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की दोन उन्हाळ्यांपूर्वीची मोटर हनीफ मिस्त्रींनी जाळली नव्हती. त्यांनी मला कुठलाही नंबर सांगितला नव्हता. त्यांच्याकडं फोनसुद्धा नव्हता. नंबर माझ्या प्रोग्रामचा, तो चुकीचा लिहिला मी, स्लॉट सैल आहेत हे कळूनही मोटर तशीच भरून दिली मी. त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली, आणि मी ती घेऊ दिली.

एका बाईनं भरलेला हंडा पुन्हा खाली ठेवला. याडी माझ्याकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि मला तो हवा होता. "दोन वर्सं," ती म्हणाली, एवढंच.

नायककाकांनी विचारलं, "मंग आता आमची मोटर भरन कोण? मिस्त्री तर गेले."

"मी भरीन. रविवारी दुकान उघडते मी. चाचीला विचारलंय."

"अन् पुन्हा जळाली तं?"

मी म्हटलं, "तर नाव माझं घ्यायचं. संगीता राठोडनं जाळली म्हणायचं."

नायककाकांनी मान डोलावली. मग म्हणाले, विहिरीवरची मोटर दोन दिवसांपासून आवाज करून राह्यली, उद्या सकाळी येऊन पाहून जा.